टॉवेलाखालचं डोकं

थांबा, थांबा! बसण्याआधी चपला नीट घट्ट करा, नाहीतर पहिल्याच गिरकीला एक चप्पल थेट आरशावर जाईल. झालंय तसं. मी पार्लरमधली फिरती खुर्ची बोलतेय. बोलायला लागले की मी आवरत नाही आणि फिरायला लागले की त्याहून आवरत नाही, तेव्हा हात धरून बसा.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक ढेरपोट्या फोरमन होता. प्रत्येक नव्या खुर्चीवर तो स्वतः बसायचा, एक गिरकी घ्यायचा आणि ‘पास!’ म्हणून उठायचा. माझ्यावर बसला तेव्हा गिरकी घेऊन झाली तरी गडी उठेना. इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही असं पाहून आणखी एक घेतली, मग आणखी एक. बाकीच्या खुर्च्या जळून खाक झाल्या. मला तेव्हाच कळलं, माणसं कितीही मोठी झाली तरी फिरायची हौस जात नाही.

पहिली नोकरी एका न्हावीदादाच्या दुकानात. तिथे पुरुष माझ्यावर बसले की एकतर सरकार पाडायचे नाहीतर झोपायचे. काही जण सरकार पाडता पाडताच घोरायला लागायचे. दादाचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याने दुकान आवरलं आणि मी ताईकडे आले.

ताई म्हणजे आमच्या पार्लरची मालकीण, सगळ्या गिऱ्हाइकांची ताई, म्हणून माझीही. तिने मला जांभळं रेक्झीन चढवलं. आहाहा! आयुष्यभर काळ्या कपड्यात काढलेल्या बाईला जांभळं नेसवलं तर काय होईल, तसं झालं माझं. पायाशी माझा पंप आहे. दाबला की मी वर जाते, दांडी ओढली की फुस्स करून खाली. पंप तेव्हा नवा होता, आवाज सुद्धा करायचा नाही.

ताईची लेक तेव्हा एवढीशी. माझ्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची, त्यावर तिला बसवायचं आणि केस कापायचे. कापून झाले, फळी निघाली, की खरा कार्यक्रम सुरू. “फिरव गं आई! जोरात! अजून जोरात!” ताई ओरडायची, “अगं पुरे, पंप तुटेल माझा!” पण फिरवायची. पोरगी खाली उतरली की दारूड्यासारखी झुलत जाऊन भिंतीवर आपटायची आणि खो खो हसायची. तिचं नाव पडलं भिंगरी. शाळेच्या दाखल्यावर दुसरंच काहीतरी आहे, पण ते फक्त बाई रागावल्या की वापरतात.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते. केस कापणारी बाई गिऱ्हाइकाच्या समोर कधीच नसते, ती असते मागे. गिऱ्हाईक आरशात बघतं, ती केसांत बघते, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. आणि मग काय विचारता! माझ्यावर बसलेली बाई जे नवऱ्याला सांगत नाही, बहिणीला सांगत नाही, ते ताईला सांगून मोकळी होते. कुणाची सून अबोला धरून बसलीय, कुणाला नोकरी सोडायचीय, कुणाचा मुलगा कुणाबरोबर दिसला, सगळं माझ्या पाठीला टेकून सांगून झालंय. ताई ‘हं’ म्हणते आणि कात्री चालवते. तिच्या ‘हं’ला तोड नाही.

फक्त घरच्या पोरीशी बोलायची वेळ आली की ताईचा ‘हं’ कुठे जायचा कोण जाणे. भिंगरी चौदा ओलांडून पुढे गेली आणि मायलेकींचं बोलणं ‘जेवलीस का’, ‘अभ्यास झाला का’ आणि ‘फोन ठेव’ एवढ्यावर येऊन थांबलं.

एक दिवस भिंगरी माझ्यावर येऊन बसली आणि फिरलीच नाही.

मी म्हटलं, झोप आली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. पार्लर दुपारी बंद असतं तेव्हा ती यायची, माझ्यावर पाय घेऊन बसायची आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवायची. तो थरथरला की ही दचकायची, घामेजलेले तळवे माझ्या जांभळ्या हातांना पुसायची. माझ्या अंगावर काटा यायचा, म्हणजे रेक्झीनवर जेवढा येऊ शकतो तेवढा.

मग एकदा तिने मैत्रिणीला फोन लावला आणि हळू आवाजात सगळं ओकली. एक ऑनलाइन गेम होता. त्यात तिला एक मुलगा भेटला होता. आपण सोळा वर्षांचा आहोत म्हणायचा, स्वतःच्या फोटोच्या जागी हेल्मेटचं चित्र लावायचा. मी त्याचं नाव ठेवलंय हेल्मेटवाला. गोड बोलायचा, तुझ्यासारखी कुणी नाही म्हणायचा, आणि मग म्हणाला, माझ्यावर विश्वास असेल तर तसला एक फोटो पाठव. हिने पाठवला. कसला होता ते मी सांगणार नाही. मी पाहिला नाही, आणि दिसत असता तरी पाहिला नसता. तो तिचा आहे, माझा नाही आणि तुमचाही नाही.

“आता दुसरा मागतोय गं,” भिंगरी म्हणाली. “रविवार संध्याकाळपर्यंत नाही दिला तर पहिला शाळेच्या ग्रुपवर टाकीन म्हणतोय. काय करू? देऊन टाकू का?”

मैत्रीण पलीकडून काहीतरी किणकिणली.

“नाही, आईला नाही! ती फोनच काढून घेईल. आणि मग माझ्याकडे बघणारच नाही.”

बघा, दुसरा फोटो द्यायला पोरगी तयार होत होती, पण आईला सांगायला नाही. मी तिथल्या तिथे गिरकी घेऊन तिला थेट ताईसमोर नेऊन आदळणार होते. पण माझे पाय जमिनीत बोल्टने आवळलेले. खुर्चीचा जन्म, काय करता!

नेमकं त्याच आठवड्यात शाळेने पालकांना बोलावलं. ऑनलाइन फोटो मागणाऱ्यांबद्दल मुलांशी घरी बोला, असं समुपदेशक बाईंनी सांगितलं. ताई परत आली ती चेहरा पांढरा करून. आधी नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही बोला ना तिच्याशी.” तो प्लंबर आहे. म्हणाला, “नळ गळत असेल तर मी बघतो. हे तुझं तू बघ.” आणि पाना उचलून पळाला, कुणाचा तरी नळ खरंच गळत होता म्हणे.

मग ताईने तालीम सुरू केली. कुणावर? आमच्याकडे केशरचना शिकायला ठेवलेलं एक प्लास्टिकचं डोकं आहे, डमी. तिला तिने माझ्यावर बसवलं, गळ्याखाली टॉवेल खोचला आणि मागे उभी राहून घसा खाकरला.

“बाळा, आजच्या धकाधकीच्या युगात इंटरनेट हे वरदान आहे की शाप...”

छे! हे तर वक्तृत्व स्पर्धेचं झालं. तिलाच हसू आलं. दुसऱ्यांदा तिने डोळे वटारले, “खबरदार, कुणाला फोटोबिटो पाठवलास तर तंगडं मोडीन!” डमीला तंगडं नव्हतं. तिसऱ्यांदा ती इतक्या लाडात बोलली की मलाच साखर वाढल्यासारखं झालं. आणि या सगळ्या तालमीत ती एकच गोष्ट सांगत होती: पाठवू नकोस. पाठवून झाल्यावर काय, ते कुठेच नव्हतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं पुढचं सांग, पुढचं! पण आमचं ऐकतंय कोण.

कोपऱ्यात स्टुलावर बसून टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या सासूबाई मात्र हे सगळं ऐकत होत्या. ताईच्या सासूबाई म्हणजे भिंगरीची आजी. अंगाने एवढीशी, नातीच्या खांद्याला खांदा लागेल अशी, आणि नजर मात्र घारीची. त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या, “खुर्ची हल्ली कुरकुरत नाही गं. पोरगी फिरत नाही का?” ताई म्हणाली, “मोठी झाली आता.” सासूबाई म्हणाल्या, “मोठं झाल्यावर फिरायचं सोडतात होय?” आणि पुढच्या टॉवेलाची घडी घातली.

रविवार उजाडला. दुपारी पार्लर बंद करून ताई भिंगरीला म्हणाली, “ये, केसांना तेल लावून वाफ देते. किती दिवसांत दिली नाही.” धंद्याची बाई ती, जे समोरून जमत नाही ते मागून बोलायचं ठरवलं होतं. भिंगरी आली आणि माझ्यावर बसली. ताईने तिच्या गळ्याभोवती मोठं कापड बांधलं, केसांना तेल चोळलं, डोक्याला गरम टॉवेल गुंडाळून त्याचं टोक चेहऱ्यावरून खाली घेतलं. नुसता नाकाचा शेंडा दिसत होता.

“हं,” ताई म्हणाली. मग म्हणाली, “थांब, दुसरा टॉवेल गरम करून आणते.” कसला टॉवेल! आत जाऊन ती तांब्याभर पाणी प्यायली, घटाघट, मला इथपर्यंत ऐकू आलं.

तेवढ्यात कापडाखाली फोन थरथरला. भिंगरीने टॉवेल ओढून काढला, वाचलं, आणि तिचा चेहरा असा काही उतरला की काय सांगू. कापड, टॉवेल तिथेच टाकून ती केस धुवायच्या जागेच्या पडद्याआड पळाली.

खुर्ची रिकामी. टॉवेल गरम. आणि सासूबाईंना कितीतरी दिवसांपासून वाफ हवी होती! मान अवघडलीय म्हणून सारख्या मागत होत्या आणि ताई ‘गिऱ्हाईक आहे हो’ म्हणून टाळत होती. म्हातारी तुरुतुरु आली, माझ्यावर चढली, कापड अंगावर ओढलं, टॉवेल डोक्यावरून चेहऱ्यावर घेतला आणि “हाऽऽ श” करून टेकली.

मी हादरले. ओ आजी, उठा! आता भाषण येतंय! पण बोल्ट.

ताई आली ती आमच्याकडे बघतच नव्हती. डोळे छतावरच्या पंख्याला लावलेले, हातात गार टॉवेल, आणि आवाज असा की परीक्षेला बसलीय.

“हे बघ. मी बोलते, तू मधे बोलू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल. तुझ्या वयात कुणीतरी आवडतं. त्यात काही वाईट नाही. पण कुणी म्हणालं ना, विश्वास असेल तर तसला फोटो पाठव, तर पाठवायचा नाही. एकदा हातातून गेला की तो कुठे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. आणि ज्याला खरंच आपण आवडतो तो असा विश्वास तपासत नाही. मी इथे रोज बायकांचं ऐकते, मला ठाऊक आहे. झालं. एवढंच होतं.”

मला वाटलं, आता म्हातारी टॉवेल काढेल, हसेल, सगळं पाण्यात. पडद्याखालून मला भिंगरीचे पाय दिसत होते. ते आखडून उभे होते.

आणि मग, काय सांगू तुम्हाला, टॉवेलाखालून बारीक आवाज आला.

“आणि समजा, पाठवलाच असला तर?”

ताईच्या हातातला टॉवेल खाली पडला. याची तालीम नव्हती! डमीने हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. पंखा फिरत होता, त्याच्याबरोबर तिचे डोळे फिरत होते. पडद्याखालचे पाय एक पाऊल मागे सरकले, मागच्या दाराच्या दिशेने. आता ताई तंगडं मोडायचं बोलली असती, तर पोरगी त्या दाराने गेली असती आणि संध्याकाळी दुसरा फोटो गेला असता. मला हे माहीत होतं. ताईला नव्हतं.

“तर...” ताई म्हणाली, “तर मला सांगायचं.”

“ओरडशील?”

“ओरडेन. पण त्याच्या नावाने ओरडेन. तुझ्यावर नाही.”

“फोन काढून घेशील?”

ताईने खोल श्वास घेतला. “नाही घेणार. घेतला तर पुढच्या वेळी तू सांगणारच नाहीस.”

“आणि मी तुझ्या मनातून उतरले तर?”

यावर ताई एकदम भडकली. “वेडी आहेस का गं! तुझ्या डोक्यातल्या उवा मी बोटांनी एकेक वेचून काढल्यात. नायटा झाला होता तेव्हा तुझं टक्कल मांडीवर घेऊन बसलेय. तेव्हा टाकलं नाही, आता एका फोटोपायी टाकू? असला फोटो मागणारा तो निलाजरा, आणि उतरायचं तू होय? कुठून शिकलीस हे?”

पडद्यामागून हुंदका आला.

ताई खुर्चीकडे बघायला लागली. खुर्चीवरचं डोकं तर शांत होतं. मग पडद्याकडे. मग पुन्हा खुर्चीकडे. पडदा सरकला आणि तेलकट केसांची, लाल नाकाची भिंगरी बाहेर आली.

“आई, पाठवलाय मी.”

“मग ही कोण?” ताई किंचाळली आणि तिचा पाय नेमका माझ्या पंपावर पडला. मी वर! घाबरून तिने दांडी ओढली. मी खाली! धक्क्याने मी गरकन फिरले आणि टॉवेल उडाला. आतून वाफेने गुलाबी झालेल्या सासूबाई दिसायच्या, मग पाठ दिसायची, मग पुन्हा सासूबाई दिसायच्या.

“अहो आई! तुम्ही?”

“थांबव आधी ही खुर्ची! मान सुटली माझी, पण पोट आलं तोंडात!”

भिंगरी रडता रडता हसायला लागली. हुंदका देते, हसते, पुन्हा हुंदका देते. ताईला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं. सासूबाई उतरल्या, झुलत झुलत जाऊन भिंतीला टेकल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “हसून घ्या. मग बसा आणि नीट बोला. ही मघाशी फोन वाचून पळाली, तेव्हाच मला कळलं काय ते. म्हणून विचारलं. तू तिला सांगत होतीस ते छान होतं गं, पण तिला आत्ता हवं होतं ते त्यात नव्हतं.”

मग भिंगरीने सगळं सांगितलं, हेल्मेटवाल्यापासून आज संध्याकाळपर्यंत. माझ्यावर बसूनच सांगितलं, ताई मागे उभी राहून तिच्या डोक्यात बोटं फिरवत होती. आरसा समोर होता आणि दोघींपैकी कुणी त्यात बघत नव्हतं. दुसऱ्या फोटोचं ऐकल्यावर ताईचा हात सरळ फोनकडे गेला. सवय हो, काय करणार! सासूबाई खाकरल्या. ताईने हात मागे घेतला आणि पदराला पुसला. त्या हाताने दिलेला शब्द पाळला, हे मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे जे काही माझे आहेत त्यांनी, पाहिलंय.

“आता काय करायचं?” भिंगरीने विचारलं.

“दुसरा द्यायचा नाही,” ताई म्हणाली. “दिला तर तिसरा मागेल. गयावया करायची नाही. आणि त्याचे मेसेज पुसू नकोस गं, समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, तोच पुरावा.” भिंगरीने त्याच्या धमक्या जपून ठेवल्या, त्याला ब्लॉक केलं, गेमवाल्यांकडे तक्रार केली. मुलांसाठी मदतीचा फोन असतो, तिथे ताईने स्वतः लावला. बापाला बोलावलं. तो पाना घेऊनच आला. सगळं ऐकलं, पाना खाली ठेवला, लेकीच्या तेलकट डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “मला आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारणार नाही. मीच पळालो होतो.”

मधेच सासूबाईंना राहवेना. “मलाही एकाने मागितला होता हो फोटो. मिशीवाला कप्तान, जहाजावरचा म्हणे. तुमच्या हसण्यावर जीव जडलाय, हसतानाचा पाठवा म्हणाला. मी कवळी काढून पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि तिचा फोटो पाठवला. परत तोंड दाखवलं नाही मेल्याने.” भिंगरी हसून हसून माझ्यावरून घसरली.

संध्याकाळ झाली. सगळे माझ्याभोवती बसून होते, कुणी उठेना. ताई एकदाच म्हणाली, “टाकलाच त्याने तर उद्या मी तुझ्याबरोबर शाळेत येईन आणि मान वर करून येईन.” फोन समोर ठेवलेला होता. शाळेच्या ग्रुपवर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मायलेकी पोलिसांच्या सायबर विभागात गेल्या. तिथल्या बाईंनी भिंगरीला एकही वाकडा प्रश्न विचारला नाही, असं ती घरी येऊन सांगत होती. पुढे कळलं की हेल्मेटखाली सोळा वर्षांचं कुणी नव्हतंच. होता एक चांगला मोठा बाप्या माणूस, आणि भिंगरी एकटी नव्हती, तो आणखी मुलींनाही तसंच छळत होता. आता त्याची गिरकी पोलीस काढतायत.

आता माझं म्हणाल तर वय झालं. पंप गळतो. कुणी बसलं की मी आपोआप हळूहळू खाली जाते, आणि गिऱ्हाइकाला कळतच नाही की आरशातून आपली हनुवटी कुठे गेली. प्लंबरने दोनदा बघितला, जमलं नाही. ताईने समोर नवी काळी खुर्ची घेतली आणि मला आतल्या खोलीत बोल्टने बसवलं. मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी भिंगरीच्या वर्गातली पोरंपोरी येतात. एक जण माझ्यावर बसतो, ताई मागे उभी राहते, केस विंचरते आणि ‘हं’ म्हणते. समोर आरसा नाही, नुसती भिंत. काय काय विचारतात! मी ऐकते आणि पोटात ठेवते.

तुमच्या घरात फिरती खुर्ची नसेल. नसू दे. पण तुमच्या भिंगरीच्या मागे जाऊन उभे राहा एकदा, डोक्याला तेल लावा, भांडी पुसत पुसत बोला, कशाच्याही निमित्ताने बोला. आणि ‘पाठवू नको’ एवढ्यावर थांबू नका हो. ‘पाठवलं असलंस तरी मी आहे’ तेही सांगा. डमीला नको, तिलाच सांगा.

अरे, ती आलीच! दप्तर फेकलं, पाय वर घेतले... धरा, धरा मला! गेले! भिंत, दार, भिंत, सासूबाई, दार, भिंत! बाहेरून ताई ओरडतेय, “अगं भिंगरे, पुरे! पंप तुटेल!” तुटू दे. आज ती फक्त पंपासाठी ओरडतेय.